‘आधार काय?’ : ऐतिहासिक प्रणयकादंबरीकार होण्याविषयी

काही वर्षांपूर्वी एम. ए.च्या एका विद्यार्थिनीने प्रकल्प म्हणून नियोजित कादंबरीची पहिली चार प्रकरणे आणि त्यांना जोडून स्वतःच्या लेखनप्रक्रियेविषयीचे टिपण सादर केले होते. काळ थोरल्या माधवरावांच्या कारकिर्दीचा. नायिका पुण्यातील एका सरदाराच्या वाड्यातली कुणबीण, नायक त्याच सरदाराच्या पागेतला बारगीर. दोघेही संपूर्ण कल्पित. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला : ‘याला आधार काय?’ कुणबिणींची खरेदी-विक्री, त्यांच्या किमती, त्यांना मिळणारे कापड व शिधा यांच्या नोंदी आपण छापील साधनांतून जमवल्या आहेत. या दोघांच्या प्रेमाला मात्र आधार नाही, ते आपण रचले आहे, असे तिने सांगितले. ‘मग ही ऐतिहासिक कादंबरी कशी?’ असा दुसरा प्रश्न आला, आणि पाठोपाठ ‘प्रेमकथेला पेशवाई पोशाख’ असा शेराही. मार्गदर्शक या नात्याने मी त्याच टेबलाशी बसलो होतो. मी काही बोललो नाही.

प्रस्तुत लेख हे त्या मौनाचे उशिरा दिलेले उत्तर आहे. मात्र वैयक्तिक पश्चात्तापापुरता तो मर्यादित नाही. त्या दिवशी विचारला गेलेला प्रश्न एका परीक्षकाचा नव्हता; तो मराठी समीक्षेचा, अभ्यासक्रमांचा आणि बऱ्याच अंशी मराठी वाचकाचाही प्रश्न आहे. माझे म्हणणे असे, की हा प्रश्न आपण नेमका चुकीच्या कादंबरीला विचारतो. जिथे माणसे खरी आणि त्यांचे प्रेम कल्पित असते, तिथे ‘आधार काय?’ असे विचारण्याचे आपल्याला सुचत नाही. प्रस्तावना आणि संदर्भसूची पाहून आपण समाधान पावतो. जिथे माणसेही कल्पित आणि प्रेमही कल्पित, म्हणजे जिथे कोणाविषयीही असत्य बोलले गेलेले नाही, तिथे मात्र आपण कागद मागतो. परिणामी मराठीत ऐतिहासिक प्रणयकादंबरीकार व्हायचे असेल, तर प्रथम आपण तसे नाही असे सिद्ध करावे लागते.

हे नेहमीच असे नव्हते. रा. भि. गुंजीकरांच्या ‘मोचनगड’पासून (१८७१) मराठी ऐतिहासिक कादंबरीची सुरुवात मानली जाते. तिच्यात शिवकाल आहे, पण कथेचे केंद्र कल्पित गडाभोवती आणि कल्पित माणसांभोवती आहे. हरिभाऊ आपट्यांच्या ‘उषःकाल’मध्येही शिवाजीमहाराज आहेत, पण वाचक ज्या घराच्या सुखदुःखात गुंततो ते सुलतानगडच्या किल्लेदाराचे घर कादंबरीकाराने उभारलेले आहे. ही मांडणी वॉल्टर स्कॉटकडून आलेली होती. ‘वेव्हर्ली’मध्ये (१८१४) राजपुत्र चार्ल्स एडवर्ड हा इतिहासातला पुरुष कडेला उभा राहतो आणि एडवर्ड वेव्हर्ली हा कल्पित, काहीसा सामान्य तरुण मध्यभागी येतो. जॉर्ज लुकाच यांनी १९३० नंतरच्या दशकात ऐतिहासिक कादंबरीची मीमांसा करताना स्कॉटच्या या ‘मध्यम’ नायकाचे महत्त्व दाखवून दिले. दोन्ही पक्षांशी संबंध असलेला असा सामान्य माणूसच काळाचे ताण स्वतःच्या आयुष्यात एकत्र आणू शकतो. लुकाच यांना अभिप्रेत नसलेली एक गोष्ट यात जोडावीशी वाटते. या मांडणीने प्रेमकथेलाही मोकळीक मिळते. वेव्हर्लीने कोणावर प्रेम करावे हे ठरवताना स्कॉट कोणाच्याही स्मृतीशी प्रतारणा करत नाही.

मराठीत ही मांडणी उलटी झाली, आणि तिच्या उलटण्याला एक सन्मान्य कारणही होते. वि. का. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली प्रसिद्ध केला. पुढे १९३० ते १९३४ या काळात गो. स. सरदेसाईंच्या संपादनाखाली पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड निघाले. एवढी मोठी कागदपत्रे उजेडात आल्यावर कादंबरीकाराने त्यांचा मोह धरला यात नवल नाही. आता खऱ्या माणसांचे दिनक्रम, खर्च, मोहिमा, आजार हे सारे हाताशी होते. रणजित देसाईंच्या ‘स्वामी’ने (१९६२) माधवराव आणि रमाबाई यांना, ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने (१९७२) बाजीराव आणि मस्तानी यांना मध्यभागी आणले. कडेचे राजपुरुष केंद्रात आले आणि मधला कल्पित माणूस नाहीसा झाला. त्याच्याबरोबर कल्पिताची उघड कबुलीही नाहीशी झाली.

कागद काय सांगतात आणि काय सांगत नाहीत, याचा विचार येथे केला पाहिजे. माधवरावांच्या कर्नाटकातल्या स्वाऱ्या, राघोबादादांशी झालेला संघर्ष, दौलतीवरील कर्ज आणि शेवटचा क्षयाचा आजार यांविषयी कागद पुष्कळ बोलतात. रमाबाईंच्या मनाविषयी ते जवळजवळ काहीच बोलत नाहीत. मस्तानीविषयी कागद बोलतात ते तिच्या शत्रुपक्षाच्या तोंडून. तिला अटकेत ठेवण्याच्या चिंतेपुरते. रावेरखेडीला २८ एप्रिल १७४० रोजी बाजीराव वारले आणि त्यानंतर लवकरच मस्तानीही गेली. कशाने, याविषयी दंतकथाच अधिक. पाबळला तिची कबर आहे. तिचा मुलगा समशेरबहाद्दर १७६१ साली पानिपतावर जखमी होऊन मरण पावला. एवढ्या तुटपुंज्या आधारावर शेकडो पृष्ठांचा शृंगार, रुसवे आणि विरह उभा राहतो, तेव्हा तो उघडच कादंबरीकाराचा असतो. त्यात काहीही गैर नाही. गैर आहे ते हे, की मोहिमांना असलेला आधार शयनगृहालाही आपोआप लागू होतो असा आभास निर्माण केला जातो. ग्रंथाच्या दारात प्रस्तावना, मागे संदर्भसूची, मधे दफ्तरी वळणाची भाषा; या तिन्हींच्या साक्षीने कल्पित प्रेमाला इतिहासाचा शिक्का मिळतो. ‘श्रीमान योगी’ला (१९६८) नरहर कुरुंदकरांचे जे दीर्घ पत्र जोडलेले आहे ते इतिहासचिकित्सा म्हणून स्वतंत्र मोलाचे आहे, याबद्दल वाद नाही. परंतु अशी चिकित्सा कादंबरीच्या उंबरठ्यावर उभी राहिली, की वाचक आतल्या संवादांकडेही त्याच विश्वासाने पाहू लागतो. हा दोष कुरुंदकरांचा नव्हे. तो आपल्या वाचनसंकेतांचा आहे.

या संकेतांची चिकित्सा करणे हे समीक्षेचे काम होते. तिने काय केले? भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन प्रवृत्ती सांगितल्या. ही विभागणी उपयुक्त ठरली, वर्गावर्गांतून शिकवली गेली. मीही ती वीस वर्षे शिकवत आलो आहे. तरीही तिच्यामुळे एक गोष्ट झाकली गेली. ‘स्वामी’ आणि ‘राऊ’ यांना आपण ‘मोचनगड’च्या खान्यात टाकतो, कारण त्यांत इतिहास आहे. प्रत्यक्षात त्यांचा प्राण ‘मुक्तामाला’चा आहे : दोन जीव, त्यांच्या मिलनाच्या आड येणारे जग, आणि अश्रूंनी शुद्ध होणारा शेवट. मात्र हळबेशास्त्र्यांनी १८६१ साली जे उघडपणे केले ते शंभर वर्षांनी पेशव्यांची नावे घेऊन झाले, एवढ्यावरून त्याची जात बदलली असे आपण मानले.

यामागे रोमान्स या प्रकाराविषयीचा आपला जुना संकोच आहे. या प्रकाराला मराठीत अजून स्थिर नाव नाही. कोणी अद्भुतरम्य म्हणते, कोणी प्रणयरम्य, कोणी नुसतेच रंजनपर; आणि यांतील प्रत्येक शब्द नाक मुरडून उच्चारला जातो. राजवाड्यांसारख्या कागदाच्या उपासकानेही १९०२ साली कादंबरीवर स्वतंत्र निबंध लिहिताना अद्भुत आणि वास्तव यांचा विचार गांभीर्याने केला होता, याचा आपल्याला विसर पडला. नाव नसलेल्या प्रकाराचे शास्त्र होत नाही, शास्त्र नसलेल्या प्रकारात बरेवाईट ठरवता येत नाही, आणि मग सारेच एकतर ‘अभिजात’ ठरते किंवा ‘बाजारू’. इंग्लंडात जॉर्जेट हेयर या लेखिकेने १९२१ पासून अर्धशतक ऐतिहासिक प्रणयकादंबऱ्या लिहिल्या आणि त्या तशाच म्हणवून घेतल्या. वॉटर्लूच्या लढाईवरील तिच्या ‘ॲन इन्फेमस आर्मी’ (१९३७) या कादंबरीत वेलिंग्टन आहे, रणांगण आहे, वाचलेल्या ग्रंथांची यादी आहे. पण प्रेमी युगुल कल्पित आहे. तिच्या जगात नोकरचाकर शोभेपुरतेच येतात आणि वर्गभेद गोड मानून घेतला जातो, हे तिचे दोष उघड आहेत. पण ते दोष दाखवता येतात, कारण ती काय लिहीत आहे याबद्दल संदेह नाही. आपल्याकडे तेवढीही सोय नाही.

येथे कोणी म्हणेल, की हा केवळ नामकरणाचा वाद आहे. तसे नाही, हे ‘स्वामी’च्या शेवटावरून दाखवता येईल. १८ नोव्हेंबर १७७२ रोजी थेऊरला माधवराव वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी वारले आणि रमाबाई सती गेल्या. हे इतिहासातले वास्तव आहे. ते कादंबरीकाराने निर्माण केलेले नाही. पण एका तरुण स्त्रीचे जिवंत जळणे हे कादंबरीत कोणत्या जागी येते? ते प्रेमकथेच्या परिपूर्तीच्या जागी येते. रोमान्सच्या रूपबंधाला शेवटी मीलन हवे असते. आणि जीवनात ते शक्य नसेल, तर मरणात. आधीच्या सर्व प्रकरणांतून सांभाळत आणलेली दोघांची हळुवार जवळीक या शेवटाकडे अशी वळते, की वाचकाच्या डोळ्यांत पाणी येते आणि प्रश्न विरून जातो. देसाईंना सतीप्रथेचे समर्थन करायचे होते असे मी म्हणत नाही. तसे म्हणणे अन्यायाचे होईल. रूपबंधाची ओढ लेखकाच्या हेतूपेक्षा बलवत्तर असते, एवढेच माझे म्हणणे आहे. सतीच्या उदात्तीकरणाविरुद्ध १९८७ साली देशाला कायदा करावा लागला. त्यानंतरही आपण या शेवटाचे अध्यापन ‘उदात्त करुण’ या दोन शब्दांत उरकत असू, तर ती समीक्षेची चूक आहे. ही कादंबरी रोमान्स म्हणून वाचली असती, तर तिच्या शेवटात रोमान्सने कोणते काम केले हे विचारता आले असते. आपण ती इतिहास म्हणून वाचली. आणि इतिहासाला ‘असे का घडवलेस?’ असे विचारता येत नाही.

दुसरे उदाहरण दांपत्यसंवादाचे. अठराव्या शतकातल्या वाड्यात मुलीचे लग्न बालवयात होई. वडीलधाऱ्यांसमोर नवराबायकोने एकमेकांशी बोलणे शिष्टसंमत नसे. अशा घरात जवळीक कशी घडत असेल? कोणत्या खुणांतून, कोणाच्या मध्यस्थीने, कोणाच्या डोळ्यांना चुकवून? खऱ्या प्रणयकादंबरीकाराला खुणावणारा प्रश्न हा आहे. आपल्या लोकप्रिय कादंबऱ्यांनी तो टाळला. त्यांतील राजदांपत्ये विसाव्या शतकातल्या सुशिक्षित मध्यमवर्गीय जोडप्याप्रमाणे, निवांतपणे, वाक्ये पूर्ण करत बोलतात. वाचकाला त्यांत आपलाच दिवाणखाना दिसला. त्याला तो शनिवारवाडा वाटला. याच्या शेजारी रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ (१९१०) ठेवाव्यात. १८७३ साली अकराव्या वर्षी लग्न झालेली ही मुलगी पतीच्या आग्रहाने शिकू लागते आणि त्याची किंमत घरातल्या बायकांच्या रोषाने मोजते. पतीचा स्नेह हाच तिच्या छळाचा विषय होतो. प्रेम आणि घर यांच्यामधला हा ताण कोणत्याही कल्पित विरहाहून नाट्यपूर्ण आहे. तो काळ पेशवाईनंतरचा आहे, हे खरे. पण शोध कोणत्या दिशेने घ्यावा हे त्यावरून कळते.

आता दोन आक्षेपांचा विचार करू. पहिला आक्षेप सैद्धांतिक आहे. हेडन व्हाइट यांच्या ‘मेटाहिस्टरी’पासून (१९७३) आपण असे शिकलो, की इतिहासलेखनही कथनच असते; तेव्हा इतिहास आणि कल्पित यांच्यात भिंत घालणारा हा लेख कालबाह्य नव्हे काय? या आक्षेपात एक सोयीस्कर घाई आहे. इतिहासकाराचे कथन हे रचित असते, याचा अर्थ त्याची जबाबदारी संपते असा नाही; उलट आपण कोणता कथाबंध निवडला याचे उत्तर देण्याचे दायित्व त्याच्यावर येते. मग कादंबरीकाराला त्यातून सूट कशी मिळेल? ‘सारेच कथन’ असे म्हणत पुन्हा प्रस्तावनेत ‘सारे साधार’ असा निर्वाळा द्यायचा, हे दोन्ही दगडांवर पाय ठेवणे झाले.

दुसरा आक्षेप वाचकांचा आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. या कादंबऱ्यांनी लक्षावधी मराठी माणसांना वाचते केले. त्यांना रोमान्स म्हणून हिणवणारे तुम्ही कोण? माझे उत्तर असे, की मी हिणवत नाही. हिणवण्याची रीत बंद व्हावी म्हणूनच हे लिहितो आहे. मी स्वतः ‘राऊ’ एका रात्रीत वाचली होती, आणि ती रात्र मला अजून आठवते. पण वाचकाच्या प्रेमाचा मान राखायचा, तर त्याला काय वाचायला दिले आहे ते स्पष्ट सांगितले पाहिजे. तसे न सांगितल्याचे परिणाम आपण पाहतो आहोत. ‘राऊ’वर आधारलेल्या ‘बाजीराव मस्तानी’ या चित्रपटात (२०१५) काशीबाई आणि मस्तानी एकत्र नाचताना दाखवल्या म्हणून वादळ उठले. शिवाजी सावंतांच्या ‘छावा’वरील चित्रपटातून (२०२५) लेझीमचे दृश्य आक्षेपांमुळे वगळावे लागले. या प्रसंगांत कलावंताच्या स्वातंत्र्याची बाजू घेणे मला आवश्यक वाटते. पण अर्धशतकाहून अधिक काळ ज्या वाचकाला आपण ‘हे असेच घडले’ असे सांगत आलो, तो आता ‘असे घडलेच नव्हते’ म्हणून रस्त्यावर येतो, तेव्हा त्याची शिकवणी कोणी घेतली होती हेही विचारले पाहिजे. कल्पिताला कल्पित म्हणण्याची सवय समाजाला असेल, तरच कल्पिताचे स्वातंत्र्य टिकते.

मग ऐतिहासिक प्रणयकादंबरीकार होणे म्हणजे काय? माझ्या मते, कागद जिथे बोलतो तिथे त्याचे निमूटपणे ऐकणे आणि जिथे तो गप्प आहे तिथे स्वतःच्या नावावर बोलणे. त्यासाठी मोडी वाचता यावी. ती न आली तर निदान वाडांनी निवडलेल्या पेशव्यांच्या रोजनिश्यांतील उतारे तरी पानोपानी वाचावेत. धान्याचा भाव, वस्त्रांची नावे, दंडाच्या रकमा, माणसाची किंमत हे सारे तिथे आहे. व्यभिचाराच्या आरोपावरून स्त्रीला कुणबीण केल्याचे दाखले या काळात मिळतात. ज्या समाजात प्रेमाची शिक्षा गुलामगिरी असू शकते, त्या समाजातली प्रेमकथा लिहायला पेशव्यांचे नाव लागत नाही. उलट नाव टाळल्याने लेखकाचे काम कठीण होते. प्रसिद्ध नावाबरोबर वाचकाची भक्ती आयती मिळते, शेवट त्याला आधीच ठाऊक असतो, अश्रू तयार असतात. कल्पित कुणबिणीसाठी मात्र प्रत्येक अश्रू कादंबरीकाराला कमवावा लागतो. ती शेवटी सुटेल की विकली जाईल, हे कोणत्याही बखरीत लिहिलेले नसते. म्हणूनच तिच्या सुटकेला अर्थ येतो, आणि विकले जाण्यालाही.

नामवंतांवर लिहूच नये, असा याचा अर्थ नाही. लिहावे, पण मग त्यांच्या अंतरंगाविषयी जे लिहिले ते माझे आहे, असे लेखकाने स्वच्छ सांगावे, आणि समीक्षकाने त्याच निकषाने ते जोखावे. काशीबाईंच्या मनात काय होते हे आपल्याला कळलेले नाही. ते कळल्याचा आव आणणाऱ्या लेखकाला ‘आधार काय?’ असे विचारणे हेच त्या प्रश्नाचे योग्य स्थान आहे.

अभ्यासमंडळांवर काम करणाऱ्या सहकाऱ्यांना दोन सूचना कराव्याशा वाटतात. ऐतिहासिक कादंबरी शिकवताना ‘उषःकाल’ आणि ‘स्वामी’ एकत्र नेमाव्यात, म्हणजे मधला कल्पित माणूस कधी आणि का हरवला हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे येईल. आणि सर्जनशील लेखनाच्या परीक्षेत कल्पित पात्राला कागद मागण्याची रीत बंद करावी. त्याऐवजी त्या पात्राचे जग कागदाशी प्रामाणिक आहे की नाही, आणि त्याचे प्रेम त्या जगात शक्य आहे की नाही, हे विचारावे.

त्या विद्यार्थिनीला उत्तीर्ण होण्यापुरते गुण मिळाले. ती आता एका माध्यमिक शाळेत शिकवते. मध्यंतरी भेटली तेव्हा मी कादंबरीचे विचारले. ‘सर, ती चार प्रकरणे तशीच ठेवली आहेत. नंतर राणी येसूबाईंवर लिहावे असे एका प्रकाशकांनी सुचवले होते. त्याला आधार मिळतो म्हणाले,’ असे ती म्हणाली. तिने ते लिहिले नाही, हे मला बरे वाटले. पण ती चार प्रकरणे पुढे सरकली नाहीत, याचा हिशेब त्या टेबलाशी बसलेल्या आम्हा सर्वांकडे मागता येईल, आणि तो मागितला जावा.